बाळंतिणीची गुंगी आणि रक्तातील अमोनिया

जबलपूरहून नागपूरकडे निघालेला रस्ता शहराच्या दक्षिणेस तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. महात्मा गांधींच्या अस्थी १९४८ साली ज्या घाटांवर विसर्जित करण्यात आल्या त्यांपैकी तिलवाराघाट हा एक होय, आणि पुष्कळांस हे नाव त्याच कारणाने ठाऊक असते. परंतु येथील पुलावरून दररोज आणखी एक रहदारी चाललेली असते. बर्गी, धूमा, लखनादौन ह्या बाजूच्या गावांतून अवघड दुखण्याचे रुग्ण जबलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आणले जातात ते ह्याच वाटेने. १९५५ साली सुरू झालेले आणि पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांचे नाव लाभलेले हे महाविद्यालय तिलवाऱ्यापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे.

अशा एखाद्या गाडीत एक बाळंतीण आहे असे आपण कल्पू. ही कोणी एक विशिष्ट स्त्री नव्हे. वैद्यकीय ग्रंथांत जे वर्णन पुन्हापुन्हा येते त्यावरून उभी केलेली ही आकृती आहे. तिला बाळंत होऊन सहा दिवस झाले आहेत. प्रसूती सुखरूप झाली, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. पाचव्या दिवशी डोके दुखू लागले, दोन-तीन उलट्या झाल्या, अन्नावरची वासना उडाली. सहाव्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली, बाळाला जवळ घेईना, आईलाही ओळखीना. आणि रात्री तिला अशी गुंगी आली की हाक मारूनही ती डोळे उघडीना. अंगात ताप नाही. रक्तदाब वाढलेला नाही. फक्त श्वास मात्र जलद चालला आहे.

घरची मंडळी म्हणतात, हवा लागली, बाहेरची बाधा झाली. शेजारीण म्हणते, वात झाला. दवाखान्यातील डॉक्टर म्हणतात, हा प्रसूतीनंतरचा मनोविकार असावा. डॉक्टरांचा तर्क निराधार नसतो. दर हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना पहिल्या काही आठवड्यांत तीव्र मनोविकार जडतो, आणि तो पुष्कळदा अशाच भ्रमाने सुरू होतो. ह्याखेरीज मेंदूतील शिरांत रक्त गोठणे, गर्भविषाक्ततेचे झटके, जंतुसंसर्ग, रक्तातील साखर एकाएकी उतरणे ही कारणेही विचारात घ्यावी लागतात, व त्यांचे प्रमाण पुढे सांगावयाच्या विकाराहून पुष्कळच अधिक आहे. तरीही ह्या सर्वांच्या जोडीला एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो बहुधा विचारला जात नाही: ह्या बाईच्या रक्तात अमोनिया किती आहे?

नवसागराच्या चुरचुरीत वासाने ओळखू येणारा हा वायू आपल्या देहात अहोरात्र उत्पन्न होत असतो, ही गोष्ट अनेकांस नवलाची वाटेल. डाळ, दूध, अंडी, मांस ह्यांतील प्रथिनांत नायट्रोजन असतो. प्रथिने शरीरात मोडली की त्यातला नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने सुटतो. अमोनिया मेंदूस विषवत आहे. म्हणून यकृत त्याचे रूपांतर युरिया नावाच्या निरुपद्रवी पदार्थात करते आणि मूत्रपिंडे तो युरिया बाहेर टाकतात. प्रौढ मनुष्याच्या लघवीतून दररोज सुमारे २० ते ३५ ग्रॅम युरिया जातो. फ्रीड्रिख व्होलर ह्यांनी १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार करून जीवसृष्टीतील पदार्थ जीवावाचूनही बनू शकतात हे दाखविले, तोच हा युरिया.

यकृत हे काम कसे करते त्याचा उलगडा मात्र शंभरावर वर्षांनी, १९३२ साली झाला. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हान्स क्रेब्ज आणि त्यांचे तरुण सहकारी कुर्ट हेन्सेलाइट ह्यांनी उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्या निरनिराळ्या द्रावणांत ठेवून किती युरिया बनतो हे मोजले. ऑर्निथीन नावाचे अमिनो आम्ल थोडेसेच घातले, तरी युरियाची निर्मिती त्याच्या मानाने कितीतरी अधिक वाढते, आणि ऑर्निथीन मात्र खर्ची पडत नाही, असे त्यांना आढळले. मोटेचा पोहरा विहिरीत रिकामा उतरतो, भरून वर येतो, पाणी ओतून पुन्हा रिकामा खाली जातो. तसे ऑर्निथीन अमोनिया उचलते, पायरीपायरीने रूप पालटते, शेवटी युरिया सोडून देते व पुन्हा मूळ रूपात हजर होते. ह्यालाच युरियाचे चक्र म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाझी राजवटीने क्रेब्ज ह्यांना नोकरीवरून दूर केले व ते इंग्लंडला गेले. त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते दुसऱ्याच एका चक्रासाठी. पण बाळंतिणीच्या दृष्टीने पाहता त्यांचे हे पहिले चक्रच अधिक मोलाचे.

चक्राच्या प्रत्येक पायरीवर एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. ज्या जनुकाच्या आज्ञेने ते विकर घडते त्या जनुकात जन्मतः दोष असेल, तर ती पायरी अडते. अशा जन्मजात दोषांची कल्पना इंग्लंडमधील आर्चिबाल्ड गॅरड ह्यांनी ह्या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, १९०२ ते १९०९ च्या दरम्यान मांडली होती. युरियाच्या चक्रातील सर्व दोष एकत्र धरले तरी सुमारे ३५ हजार जन्मांमागे एक असे त्यांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत अंदाजिले गेले आहे. त्यांत सर्वांत अधिक आढळतो तो ऑर्निथीन ट्रान्सकार्बामायलेज ह्या विकराचा अभाव. नाव लांबलचक आहे. पुढे आपण त्याला नुसते 'ऑर्निथीनचे विकर' म्हणू.

ह्या विकराचे जनुक क्ष-गुणसूत्रावर असते, आणि सारी गोष्ट येथेच फिरते. पुरुषात क्ष-गुणसूत्र एकच. ते सदोष असेल तर यकृतात हे विकर जवळजवळ नसतेच. असा मुलगा जन्मतो तेव्हा धडधाकट दिसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध सोडतो, सुस्त होतो, आणि उपचार न मिळाल्यास दगावतो. स्त्रीत क्ष-गुणसूत्रे दोन. १९६१ साली मेरी लायन ह्या ब्रिटिश विदुषींनी उंदरांवरील निरीक्षणांवरून असे प्रतिपादिले की, मादीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक क्ष-गुणसूत्र अगदी आरंभीच निद्रिस्त होते, आणि कोणते होईल ते केवळ यदृच्छेवर अवलंबून असते. म्हणून अशा स्त्रीचे यकृत चांगल्या व सदोष पेशींच्या ठिपक्यांचे बनलेले असते. चांगले ठिपके पुष्कळ असले तर तिला आयुष्यभर काही कळतही नाही. थोडे कमी असले तर रोजचा गाडा चालतो, पण चढ आला की अडतो.

बाळंतपण हा तो चढ होय. प्रसूतीनंतर गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्याही खाली येते. हे मांस कोठे जाते? ते जागच्या जागी विरघळते, त्यातील प्रथिने मोडतात आणि त्यांचा नायट्रोजन यकृताच्या दारी येतो. निरोगी यकृतास हा बोजा किरकोळ आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु तो एकटा येत नाही. कळांचे श्रम, रक्तस्राव, थोडा ताप, पोटात पुरेसे अन्न नसणे, ह्या सर्वांमुळे शरीर आपलेच स्नायू मोडून इंधन म्हणून वापरू लागते. बाळ अपुऱ्या दिवसांचे होणार म्हणून त्याच्या फुप्फुसांच्या वाढीसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिलेली असतील तर त्यांनीही प्रथिनांची मोड वाढते. असे सर्व ओझे एकदम आले की काठावर चाललेले यकृत मागे पडते. धोक्याचा काळ साधारणतः प्रसूतीनंतरच्या ३ ऱ्या ते १४ व्या दिवसापर्यंत समजतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील पामेला आर्न, सॉल ब्रूसिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली अशा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे ह्या दोषाची प्रसूतीनंतरच्या बेशुद्धीचे एक कारण म्हणून ठळकपणे नोंद झाली. त्यापूर्वी जगात किती बाळंतिणी वेड लागले म्हणून किंवा बाधा झाली म्हणून गेल्या असतील ह्याचा हिशेब कोणी देऊ शकणार नाही.

साचलेला अमोनिया मेंदूतील तारकाकृती पेशींत शिरतो. त्या पेशी त्याला ग्लुटामीनमध्ये बांधून ठेवतात. पण ग्लुटामीन साचले की पाणी ओढले जाते, पेशी फुगतात आणि बंद कवटीत मेंदूला सूज येते. पहिले लक्षण बहुधा स्वभावातला बदल, मग उलट्या, भ्रम, गुंगी, झटके. अमोनियामुळे श्वसनकेंद्र उत्तेजित होऊन श्वास जलद चालतो. तापावाचून जलद श्वास आणि भ्रम ही जोडी दिसली की वैद्याने सावध व्हावे. येथे एक फसवी गोष्ट आहे. यकृताच्या नेहमीच्या तपासण्या पुष्कळदा ठीक येतात, कावीळ नसते, आणि म्हणून 'यकृत चांगले आहे' असा निर्वाळा दिला जातो. यकृत चांगले असते हे खरेच; त्यातील एक पायरी तेवढी मोडकी असते.

आता घरच्या माणसांकडे वळू, कारण रोगाची अर्धी ओळख त्यांच्यापाशी असते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. ही चाल येथे उपकारक ठरावी. सासरच्या माणसांना जे ठाऊक नसते ते तिच्या आईला ठाऊक असते. ह्या मुलीला लहानपणापासून डाळ, दूध, अंडे नकोसे वाटे का? लग्नाच्या जेवणावळीनंतर तिला उलटी होऊन ती दिवसभर झोपून राहत असे का? अशा मुलीला घरात चोखंदळ, नाजूक म्हणून हिणवतात. वस्तुतः तिच्या शरीराने आपला पथ्यविचार स्वतःच शोधून काढलेला असतो. आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, तो हळुवारपणे विचारावा: हिच्या पाठचा किंवा पुढचा एखादा भाऊ, किंवा एखादा मामा, जन्मल्यावर चार-आठ दिवसांत गेला होता का? 'आमच्या घरात मुलगे वाचत नाहीत' हे वाक्य कित्येक घरांत शापाचे म्हणून बोलले जाते. वैद्याच्या कानाला ते वंशावळीचे टिपण वाटले पाहिजे. अर्थात नवजात मुले दगावण्याची कारणे अनेक आहेत; परंतु आईच्या बाजूचे मुलगेच जात असतील तर ती गोष्ट कागदावर उतरलीच पाहिजे.

वंशावळ विचारण्याची ही सवय जबलपूरच्या परिसराला नवी नाही. तेथे नागपूर रस्त्यालाच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था १९८४ पासून आहे. आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन हे तिचे काम, आणि सिकलसेलसारख्या आनुवंशिक रक्तविकारांचा अभ्यास त्यात मोठा आहे. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभही १ जुलै २०२३ रोजी ह्याच राज्यातील शहडोल येथे झाला. आई-बापांचे रक्त तपासून कार्ड देण्याची कल्पना ज्या गावांत पोचली आहे, तेथे 'मामा कशाने गेला' हा प्रश्न कोणाला विक्षिप्त वाटू नये.

तपासणी साधी आहे, पण नाजूक आहे. शिरेतून घेतलेले रक्त बर्फात ठेवून सुमारे अर्ध्या तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचले व वेगळे केले गेले पाहिजे. दंडाला पट्टा फार वेळ आवळला, मूठ मिटवून ठेवली, किंवा नमुना गरमीत तासभर राहिला, तर बाटलीतच अमोनिया वाढतो व आकडा खोटा येतो. म्हणून पुलापलीकडच्या गावात रक्त काढून ते मोटारीने पाठविण्यात अर्थ नाही, रुग्णालाच पाठवावे. प्रौढात हा आकडा लिटरमागे साधारण ५० मायक्रोमोलच्या आत असतो. शंभराच्या वर गेला तर शोध घ्यावाच लागतो, दोनशेच्या वर गेला तर बेशुद्धीचे व मेंदूच्या सुजेचे भय असते. निश्चित निदानासाठी पुढे रक्तातील अमिनो आम्ले, लघवीतील ओरोटिक आम्ल आणि शेवटी जनुकाची तपासणी करतात. परंतु उपचार त्यांच्या उत्तरासाठी थांबवून ठेवावयाचे नसतात.

त्या उपचारात अद्भुत असे काही नाही. प्रथम एक-दोन दिवस, त्याहून अधिक नव्हे, अन्नातील प्रथिने पूर्ण बंद करतात, आणि शिरेतून भरपूर ग्लुकोज देतात, जेणेकरून शरीराने स्वतःचे मांस जाळणे थांबवावे. आर्जिनीन हे अमिनो आम्ल देतात, म्हणजे अडलेल्या चक्रातील उरलेला भाग हलता राहतो. मग येते सोडियम बेन्झोएट. सरबतांच्या व लोणच्यांच्या बाटल्यांवर टिकाऊपणासाठी घातलेला पदार्थ म्हणून ज्याचे नाव आपण वाचतो तोच हा. १८४१ साली इंग्लंडमधील अलेक्झांडर यूर ह्यांनी दाखविले होते की बेन्झोइक आम्ल पोटात घेतले असता ते लघवीतून हिप्युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते. ते बाहेर पडताना ग्लायसीन नावाचे अमिनो आम्ल, म्हणजेच नायट्रोजन, बरोबर नेते. ह्या जुन्या रासायनिक गमतीचा उपयोग यकृताला वळसा घालण्यासाठी करता येईल हे ब्रूसिलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली सुचविले. मुख्य रस्ता बंद असेल तर गाड्या पांदीने काढाव्या, तसा हा प्रकार. फेनिलअॅसिटेट व फेनिलब्युटिरेट ही औषधे ग्लुटामीनला असेच बाहेर नेतात. अमोनिया फारच चढला असेल किंवा गुंगी वाढत असेल तर मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी वापरतात तेच रक्तशुद्धीकरण, डायलिसिस, करतात. आणि तो सर्वांत जलद उपाय होय. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे ही यंत्रे जिल्ह्याच्या रुग्णालयांतूनही आली आहेत. तेव्हा उणीव बहुतेक वेळी यंत्राची नसून संशयाची असते.

एका औषधाविषयी मात्र मोठ्या अक्षरांत सांगावेसे वाटते. झटके आले किंवा रुग्ण उन्मादात आहे असे वाटले तर व्हॅल्प्रोएट हे औषध सर्रास दिले जाते. ते युरियाच्या चक्रालाच अडथळा करते. ऑर्निथीनचे विकर कमी असलेल्या स्त्रीला ते दिल्यास अमोनिया आणखी भडकतो, आणि औषध देऊनही रुग्ण खालावत गेला म्हणून तेच औषध वाढविले जाते. भ्रमिष्ट बाळंतिणीस व्हॅल्प्रोएट देण्यापूर्वी अमोनिया पाहणे, इतका एक नियम पाळला तरी ह्या लेखाचे बरेचसे काम होईल.

अशाच वेळी फसविणारा आणखी एक चयापचयविकार म्हणजे तीव्र पॉर्फिरिया. त्याचाही झटका गर्भारपणात किंवा प्रसूतीनंतर येऊ शकतो. त्यात पोट असह्य दुखते पण दाबून पाहता काही सापडत नाही, हातपाय लुळे पडू लागतात, मन भ्रमते, आणि लघवी उजेडात ठेवली की काळपट-लाल होते. त्याची चाचणी लघवीची असते व नमुना अंधारात जपावा लागतो. ग्लुकोज आणि हीमचे इंजेक्शन हे त्याचे उपाय; झोपेची काही जुनी औषधे त्यात घातक ठरतात. त्याचे शास्त्र निराळे व विस्तृत आहे, म्हणून येथे नुसता उल्लेख पुरे.

धोक्याचा काळ ३ ऱ्या ते १४ व्या दिवसांतला, आणि रुग्णालयातून घरी सोडतात ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे दुखणे उमटते ते घरी, बाळंतिणीच्या खोलीत. ह्या खोलीत दोन टोकांच्या चाली पाळल्या जातात. कोठे तिला पहिले काही दिवस पेजेच्या निवळीवर जवळजवळ उपाशी ठेवतात. कोठे दूध, सुकामेवा, डिंकाचे व सुंठीचे लाडू ह्यांचा मारा होतो. सामान्य स्त्रीला लाडवांनी अपाय होत नाही, उपासाने मात्र होतो. आणि जिचे युरियाचे चक्र लंगडे आहे तिला उपास फारच महागात पडतो, कारण उपाशी देह स्वतःला खातो. ह्याच खोलीत एक प्रशिक्षित पाहुणीही येत असते. नवजात बालकांच्या गृहभेटींचा जो कार्यक्रम २०११ साली सुरू झाला त्यानुसार आशा कार्यकर्ती ३ ऱ्या, ७ व्या व १४ व्या दिवशी, आणि पुढेही, घरी येते. ती बाळाचे वजन करते, त्याचा ताप पाहते. तिने त्याच भेटीत आईशी दोन वाक्ये बोलावी. ती नीट उत्तर देते का, उलट्या होतात का, दिवसाढवळ्या पेंगते का, एवढे पाहावयास उपकरण लागत नाही. उत्तर संशयास्पद असेल तर त्याच दिवशी १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, मांत्रिकाची वाट पाहू नये.

निदान झाले व बाई शुद्धीवर आली की तिच्या आयुष्याची आखणी करावी लागते, पण ती फारशी जाचक नसते. प्रथिने मोजून घ्यावयाची, उपास करावयाचा नाही, तापात व शस्त्रक्रियेच्या वेळी लवकर रुग्णालय गाठावयाचे, आणि आपल्या दोषाचे नाव व टाळावयाची औषधे लिहिलेला कागद जवळ बाळगावयाचा. फारच वारंवार त्रास होत असेल तर यकृतरोपणाने हा दोष नाहीसा होतो. भारत सरकारच्या २०२१ सालच्या दुर्मीळ रोगविषयक धोरणात रोपणाने बऱ्या होऊ शकणाऱ्या विकारांत युरियाच्या चक्रातील दोषांचा समावेश आहे. २०२२ पासून नियुक्त केंद्रांमार्फत रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते, आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्या केंद्रांपैकी एक आहे.

पुढचे बाळंतपण व्हावयाचे असेल तर ते मोठ्या रुग्णालयात, आधी कळवून व्हावे. कळा सुरू होताच ग्लुकोज चालू ठेवतात आणि नंतरचे काही दिवस अमोनिया पुन्हापुन्हा मोजतात. मुलगा झाल्यास त्याला हा दोष असण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून त्याचे रक्त पहिल्याच दिवशी तपासावे लागते. दूध सोडण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. आणि बेशुद्ध आईवर उपचार चालू असतानाही पाळण्यातल्या मुलाचा नमुना त्याच बर्फाच्या डब्यातून पाठवावा.